गौहर जान कुणाची लेक? एका गायिकेच्या वंशाचा कागदोपत्री शोध

विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रश्न आला. जिच्या तबकड्या हिंदुस्थानभर वाजत होत्या, जिचे चित्र आगपेट्यांवर छापले जात होते, त्या गायिकेला आपण आपल्या आईची औरस मुलगी आहोत हे सिद्ध करावे लागणार होते. गायिकेचे नाव गौहर जान. आई मल्का जान १९०६ साली वारली होती. मागे राहिली होती मोठी मिळकत, चितपूर रस्त्यावरची इमारत आणि वारसाहक्काचा वाद.

दावा करणारा होता भगलू. मल्का जानच्या घरी आशिया नावाची दासी होती, तिचा हा मुलगा. मल्काने त्याला घरच्याच मुलासारखे वाढवले. ती गेल्यावर त्याने सांगितले, की मल्काचा खरा वारस मीच. गौहरचा जन्म औरस नाही. म्हणजे मिळकतीचा खटला प्रत्यक्षात वंशाचा खटला झाला. साऱ्या देशाला जिचे नाव पाठ होते तिला स्वतःच्या बापाचे नाव कागदावर दाखवायचे होते.

वंश सिद्ध करणे हे काम कागदांवाचून होत नाही. वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावात एखाद्या कुटुंबाला जात पडताळणीसाठी पणजोबांची नोंद काढायची असेल तर शोध कोतवाल बुकापाशी जातो. कुणी त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी उलगडून पाहतो. गौहरच्या बाबतीत यांतले काहीच उपयोगाचे नव्हते. तिच्या घराण्याचे धागे चर्चच्या नोंदवह्यांत होते, आणि त्या वह्यांत तिचे नाव गौहर नव्हतेच. तिथे ती होती एंजेलिना योवर्ड.

तिच्या जन्माची सर्वत्र दिली जाणारी तारीख २६ जून १८७३, स्थळ आझमगढ. बाप्तिस्म्याची नोंद १८७५ सालची, अलाहाबादच्या मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चमधली. आईचे नाव ॲडलिन व्हिक्टोरिया हेमिंग्ज, वडील रॉबर्ट विल्यम योवर्ड. (काही ठिकाणी 'विल्यम रॉबर्ट' असा उलटा क्रमही आढळतो. जुन्या नोंदींत नावांची अशी अदलाबदल नित्याची आहे आणि त्यावरून दोन माणसे कल्पिण्याचे कारण नाही.) दोघांचा विवाह १८७२ सालचा, अलाहाबादचा. वर वीस वर्षांचा, वधू पंधरा वर्षांची.

वधूचे वय पंधरा म्हणजे तिचा जन्म १८५७ च्या आगेमागेचा. हे साल आझमगढच्या संदर्भात साधे नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथली १७ वी नेटिव्ह इन्फंट्री उठली, आणि पुढल्या वर्षी मार्चमध्ये कुंवरसिंहांनी ते शहर काही काळ जिंकून घेतले होते. ज्या मुलखात गोऱ्यांवर शस्त्र उगारले जात होते त्याच मुलखात एका हिंदुस्थानी स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलीला इंग्लंडच्या राणीचे नाव मिळाले.

त्या स्त्रीचे नाव रुक्मिणी. तिचा पती हार्डी हेमिंग्ज हा इंग्रज. रुक्मिणीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दोघांना व्हिक्टोरिया आणि बेला या दोन मुली झाल्या. हेमिंग्ज लवकर गेला आणि रुक्मिणीवर दोन मुलींना घेऊन पोटासाठी राबण्याची वेळ आली.

अशी कुटुंबे त्या काळी अपवादात्मक नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीचे या बाबतीतले धोरण कसे फिरले ते पाहण्याजोगे आहे. १६८७ साली कंपनीच्या संचालकांनी मद्रासला लिहिलेल्या पत्रात सैनिकांच्या एतद्देशीय स्त्रियांशी होणाऱ्या विवाहांना उत्तेजन दिले आहे. अशा अपत्याच्या बाप्तिस्म्याला आईस एक पगोडा देण्याची तयारीही दाखवली आहे. पुढे शंभर वर्षांनी वारे उलटे फिरले. १७९१ मध्ये हिंदुस्थानी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलांना कंपनीच्या वरिष्ठ नोकरीचे दरवाजे बंद करण्यात आले.

यातला एक परिणाम मराठ्यांच्या इतिहासाला येऊन भिडतो. कंपनीने नाकारलेले हे तरुण देशी दरबारांकडे वळले. स्कॉटिश बाप आणि रजपूत आई यांचा मुलगा जेम्स स्किनर (जन्म १७७८) शिंद्यांच्या फौजेत द बॉयनच्या कवायती पलटणीत दाखल झाला, पुढे पेराँच्या हाताखाली लढला. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटले तेव्हा त्याला शिंद्यांची चाकरी सोडावी लागली. दिल्लीतील सेंट जेम्स चर्च याच स्किनरने बांधवले. पुरुषाला निदान तलवारीचा मार्ग होता. रुक्मिणीच्या मुलींपुढे असा कोणता मार्ग होता?

आझमगढला परत यावे. व्हिक्टोरियाचा नवरा योवर्ड काय करीत असे? बहुतेक ठिकाणी ठरीव उत्तर मिळते: तो 'ड्राय आइस'च्या कारखान्यात अभियंता होता. हे वाक्य इतक्या ठिकाणी उतरवले गेले आहे की ते आता कुणी तपासत नाही. तपासले पाहिजे.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो प्रयोगशाळेत प्रथम १८३५ च्या सुमारास दिसला हे खरे. परंतु व्यापारी माल म्हणून तो बाजारात आला तो १९२० च्या दशकात, अमेरिकेत, आणि हे नावही तेव्हाचेच. १८७० च्या दशकातील आझमगढात त्याचा कारखाना असणे शक्य नाही. साध्या बर्फाचे म्हणावे तर तेही त्या वेळी नवलाचेच होते. १८३३ पासून कोलकात्यास आणि पुढल्याच वर्षापासून मुंबईस बर्फ येत असे तो अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांमधून कापून, भुशात गुंडाळून, जहाजाने. यंत्राने बर्फ करणारी कंपनी मद्रासेत १८७४ मध्ये निघाली, कोलकात्यात १८७८ मध्ये. म्हणजे योवर्डचे लग्न झाले त्या साली राजधानीतही यांत्रिक बर्फाची कंपनी उभी राहिली नव्हती.

यावरून योवर्ड खोटा ठरत नाही. चर्चच्या वहीत नाव असलेला माणूस खरा आहे. खोटा ठरतो तो त्याच्या व्यवसायाचा पुढच्या पिढ्यांनी केलेला तर्जुमा. 'बर्फाचा कारखाना' या आठवणीतल्या शब्दाला कुणीतरी नंतरच्या काळातील इंग्रजी शब्द चिकटवला असावा. वंशशोधात ही चूक फार वेळा होते: माणूस जुना आणि विशेषण नवे.

आता मुख्य कोड्याकडे. गौहर जान 'आर्मेनियन' होती, असे जवळपास प्रत्येक लेखात असते. कशावरून?

आडनावाकडे पाहू. आर्मेनियन कुळनावांचा नेहमीचा प्रत्यय 'यान'. योवर्ड या नावात तो नाही. उलट योवर्ड हे इंग्लंडमधील नाव आहे. लिव्हरपूलच्या योवर्ड ब्रदर्सची जहाजे कॅनरी बेटांहून केळी आणीत असत, त्या कंपनीचा आझमगढशी काही संबंध नाही, परंतु नावाचे मूळ कुठले ते तिच्यावरून कळते.

तरी एवढ्यावर निकाल देता येत नाही. हिंदुस्थानात स्थिरावलेल्या आर्मेनियन कुटुंबांनी नावे सर्रास बदलली होती. कोलकात्याच्या आर्मेनियनांत गॅलस्टन, ॲपकार, चेटर, ग्रेगरी अशी नावे भेटतात. पाहताक्षणी त्यांना कुणी आर्मेनियन म्हणणार नाही. हे व्यापारी लोक इंग्रजांच्या आधीपासून इथे होते. सुरतेत त्यांची वखार आणि दफनभूमी होती. कोलकात्यातील त्यांचे होली नाझरेथ चर्च १७२४ चे. मुंबईतही फोर्टातील मेडोज स्ट्रीटवर त्यांचे सेंट पीटर्स चर्च १७९६ मध्ये उभे राहिले. आजचा नगीनदास मास्टर मार्ग तो हाच. मीर कासिमचा सेनापती गुर्गीन खान हा आर्मेनियनच. तेव्हा उत्तर हिंदुस्थानात एखादे आर्मेनियन घर इंग्रजी आडनावाने नांदत असणे अशक्य कोटीतले नव्हते.

मग बाप्तिस्म्याच्या नोंदीचा कौल काय? ती मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चची आहे. हा पंथ मूळ अमेरिकेतला. विल्यम बटलर या मिशनऱ्याने १८५६ मध्ये त्याचे काम हिंदुस्थानात सुरू केले. आर्मेनियनांचे स्वतंत्र, अतिप्राचीन चर्च आहे आणि ते लोक त्याला घट्ट धरून असतात. जुन्या वळणाच्या आर्मेनियन घरातील बाप मुलीला घेऊन मेथॉडिस्टांकडे जाईल, हे सहज पटत नाही. मिशनच्या आसऱ्याने जगणाऱ्या, दोन्ही समाजांच्या कडेला उभ्या असलेल्या मिश्र कुटुंबाला मात्र ते दार जवळचे होते. 'आर्मेनियन' या शब्दाच्या बाजूने परंपरा आहे, विरुद्ध बाजूने आडनाव आणि चर्च. पारडे दुसऱ्या बाजूला झुकते, असे म्हणायला हरकत नाही.

शिवाय या शब्दाला एक शेपूटही आहे. अनेक ठिकाणी गौहरला नुसते आर्मेनियन न म्हणता 'आर्मेनियन ज्यू' म्हटलेले आढळते. आर्मेनियन समाज हा जगातील सर्वांत जुन्या ख्रिस्ती समाजांपैकी एक. त्यामुळे हे बिरुदच चमत्कारिक. आणि बाप्तिस्मा झालेली, पुढे इस्लाम स्वीकारलेली मुलगी ज्यू कशी? या विशेषणाचा एक ठळक माग लागतो तो फ्रेड गॅसबर्गकडे. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने १९०२ मध्ये कोलकात्यात येऊन ज्याने हिंदुस्थानी गाण्याचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण केले तोच हा अमेरिकन. त्याच्या आठवणींचे पुस्तक १९४२ मध्ये निघाले. त्यात त्याने गौहरचा उल्लेख वीस भाषांत गाणारी आर्मेनियन ज्यू स्त्री असा केला आहे. मध्ये चाळीस वर्षे गेली होती. गॅसबर्गला हिंदुस्थानातील जातिधर्मांची जाण बेताचीच. परंतु तो प्रत्यक्षदर्शी, त्याचे पुस्तक इंग्रजी, आणि गौहरच्या पहिल्या तबकडीचा तो शिल्पकार. त्यामुळे त्याच्या एका वाक्याला वंशावळीचे मोल आले.

असा घोटाळा एकट्या गौहरच्याच वाट्याला आलेला नाही. पुण्यात १९०७ साली जन्मलेली रुबी मायर्स, म्हणजे मूकपटांची सम्राज्ञी सुलोचना, बगदादी ज्यू घराण्यातली. पण तिला सर्रास 'युरेशियन' किंवा अँग्लो-इंडियन म्हटले जाई. रंग उजळ, नाव इंग्रजी आणि व्यवसाय रंगमंचाचा, एवढे जुळले की बाकीची चौकशी कुणी करीत नसे. रंगभूमी व चित्रपट यांतल्या गोऱ्या दिसणाऱ्या स्त्रिया या एकाच ढोबळ खणात टाकल्या जात.

योवर्ड दांपत्याचा संसार फार काळ टिकला नाही. व्हिक्टोरियाला गाण्याची आणि काव्याची ओढ होती. नवऱ्याला संशय होता. १८७९ मध्ये दोघे विभक्त झाले. ख्रिस्ती दांपत्यांसाठी घटस्फोटाचा कायदा हिंदुस्थानात १८६९ मध्येच झालेला होता. त्या कायद्याची तऱ्हा अशी, की पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. सहा वर्षांची एंजेलिना आईकडे राहिली.

१८८१ मध्ये मायलेकी आझमगढ सोडून बनारसला गेल्या. सोबत होते खुर्शीद नावाचे मुसलमान गृहस्थ, व्हिक्टोरियाच्या गाण्याचे चाहते. बनारसेत दोघींनी इस्लाम स्वीकारला. व्हिक्टोरियाची मल्का जान झाली, एंजेलिनाची गौहर जान.

या नामांतराकडे जरा थांबून पाहावे. मल्का म्हणजे राणी. त्या काळच्या उर्दूत व्हिक्टोरिया राणीला 'मल्का' असेच म्हणत. मल्का जान नावाच्या आणखीही गायिका तेव्हा होत्या (म्हणूनच हिला 'बडी मल्का जान' म्हणू लागले), तेव्हा हे नाव मुद्दाम जुन्या नावाचे भाषांतर म्हणून निवडले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु जुने नाव नव्यात इतके चपखल बसले आहे की योगायोग म्हणून सोडूनही देववत नाही. गौहर म्हणजे मोती, रत्न. आणि 'जान' हे तवायफांच्या नावापुढे लागणारे पद. आझमगढच्या योवर्ड कुटुंबाची खूण आता नावात कुठेच उरली नाही. पंचवीस वर्षांनी कोलकात्यात भगलूला नेमकी हीच पोकळी सापडली.

१८८३ मध्ये दोघी कोलकात्यास आल्या. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह तेव्हा मटियाबुर्जला होता आणि त्याच्याभोवती लखनौच्या गाण्याबजावण्याची एक दुसरी नगरी वसली होती. मल्का जानला तिथे आश्रय मिळाला. तीनेक वर्षांत तिने चितपूर रस्त्यावर इमारत घेतली. किंमत चाळीस हजार रुपये सांगितली जाते. १८८६ मध्ये तिचा उर्दू काव्यसंग्रहही प्रसिद्ध झाला. पंधराव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षी घटस्फोट आणि तिशीच्या आत स्वतःचे घर व स्वतःचा दिवाण: रुक्मिणीच्या लेकीने ही मजल मारली होती. मल्का जानची ओळख 'गौहरची आई' एवढीच करून दिली जाते, हा तिच्यावर अन्याय आहे.

गौहरने नृत्य बिंदादीन महाराजांकडे घेतले, गायन पतियाळ्याच्या काले खाँ आदींकडे. १८८७ मध्ये दरभंग्याच्या दरबारी तिचे पहिले गाणे झाले.

नोव्हेंबर १९०२ मध्ये गॅसबर्गपुढे ती गायली. ध्वनिमुद्रण मेणाच्या तबकडीवर होई, तबकड्या छापायला जर्मनीतील हॅनोवरला जात. तिथल्या कामगारांना गाणे कुणाचे हे कळावे म्हणून गायकाने शेवटी स्वतःचे नाव सांगायचे. गौहर गाणे संपवून ठसक्यात इंग्रजीत सांगे, 'माय नेम इज गौहर जान'. ही सूचना मूळ कारकुनी सोयीची. पण ज्या बाईचे नाव एकदा पुसले जाऊन दुसरे लिहिले गेले होते तिच्या तोंडून ते निराळेच ऐकू येते. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदहला कंपनीचा कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. गौहरच्या एकूण तबकड्या सहाशेच्या आसपास भरतात. भाषा दहाहून अधिक, त्यांत मराठीचाही समावेश होतो.

महाराष्ट्राशी तिचा संबंध तेवढ्यावर थांबत नाही. पारशी रंगभूमीवरील नट आणि दिग्दर्शक अमृत केशव नायक यांच्याशी तिचे प्रेम जुळले आणि १९०४ नंतरची काही वर्षे तिचा मुक्काम मुंबईत राहिला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे 'खून-ए-नाहक' हे हिंदुस्थानी रूप रंगमंचावर आणणारे ते हेच नायक. १९०७ मध्ये ते तिशीतच वारले. एका वर्षाच्या आत आई गेली आणि जोडीदारही. (याच सुमारास मुंबई-पुण्यातील रसिकांना पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याची गोडी लागत होती, १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली देताना गोविंदराव टेंबे यांनी त्या ढंगाचा मुक्तहस्ते उपयोग केला, हे मराठी नाट्यसंगीताच्या वाचकांना ठाऊक असेलच.)

आणि अशा वेळी भगलूचा खटला. गौहरच्या बाजूने पुरावा काय देणार? आई हयात नाही. बनारस-कोलकात्याच्या साऱ्या ओळखीपाळखी नव्या नावाच्या. जुन्या नावाने तिला ओळखणारा, लग्न आणि जन्म दोन्हींचा साक्षी असा एकच माणूस जिवंत होता: ज्याने तिला आणि तिच्या आईला तीसेक वर्षांमागे सोडले तो बाप. विक्रम संपत यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गौहरच्या चरित्रात न्यायालयीन कागदांच्या आधारे ही हकीकत दिली आहे. गौहरने रॉबर्ट योवर्डचा शोध घेतला. तो सापडला. आणि त्याने साक्षीसाठी पैसे मागितले.

या भेटीचे नाटक करण्याचा मोह कुणालाही होईल. ते न करता एवढेच पाहावे, की कायद्याच्या दृष्टीने त्या माणसाच्या शब्दाला किती मोल होते. गौहरला वाढवले आईने, शिकवले आईने, नाव दिले आईने; तरी तिचे औरस असणे मात्र बापाच्या जबानीवर आणि त्याच्या लग्नाच्या नोंदीवर टांगलेले राहिले. अखेर दावा गौहरच्या बाजूने लागला. म्हणूनच १८७२ चा विवाह आणि १८७५ चा बाप्तिस्मा या दोन नोंदी हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात महत्त्वाच्या. हेमिंग्ज, योवर्ड ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत यातही या भांडणाचा मोठा वाटा आहे. सुखाने नांदलेली घराणी इतके कागद मागे ठेवीत नाहीत.

आता त्या कागदांची दुसरी बाजू. ब्रिटिश अमदानीतील चर्चच्या नोंदींच्या नकला दरसाल लंडनला पाठवल्या जात. बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन स्वतंत्र मालिका आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कामठीच्या छावणीतले गोरे शिपाई, १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला रेल्वे पोहोचल्यावर भुसावळ-नागपूर पट्ट्यात आलेले रेल्वेचे लोक, इगतपुरीचे इंजिन-ड्रायव्हर, यांच्या घराण्यांचा शोध घेणारेही अशाच वह्या चाळतात. या वह्यांत युरोपीय पुरुषाचे नाव, आडनाव, व्यवसाय, बापाचे नाव असे सारे सापडू शकते. त्याच्या हिंदुस्थानी पत्नीचे बहुधा एकच नाव, तेही अनेकदा बाप्तिस्म्यानंतरचे. कित्येकदा तेवढेही नाही.

गौहरच्या चार आजीआजोबांपैकी हार्डी हेमिंग्ज नाव-आडनावासह उभा आहे. योवर्डांची कुळकथा आर्मेनियाची की इंग्लंडची यावर शतकभर शाई सांडली आहे. रुक्मिणी कुठल्या गावची, कुणाची लेक, कोणत्या जातीची, हे मात्र कुणी विचारलेले दिसत नाही. ती नुसती रुक्मिणी. 'गौहर जानचे युरोपीय मूळ' हा विषय लोकप्रिय झाला तो युरोपीय बाजू अधिक खरी म्हणून नव्हे, ती अधिक लिहिली गेली म्हणून.

कायद्यानेही हीच दिशा धरली. १९११ च्या जनगणनेत 'युरेशियन' हा शब्द मागे पडून मिश्र वंशाच्या लोकांसाठी 'अँग्लो-इंडियन' हा शब्द अधिकृतपणे आला. स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद ३६६(२) प्रमाणे अँग्लो-इंडियन ठरण्यासाठी पिता, अथवा पितृकुळातील कोणी पुरुष पूर्वज, युरोपीय वंशाचा असावा लागतो. ही कसोटी गौहरच्या मृत्यूनंतरची, तरी लावून पाहण्यासारखी आहे. हेमिंग्ज आजोबा आईकडचे. ते या हिशोबात धरलेच जात नाहीत. सारा भार पुन्हा योवर्डवर. तो इंग्रज असेल तर प्रश्न मिटला. आर्मेनियन असेल तर आर्मेनिया युरोप की आशिया हा वाद आला. त्याच कसोटीने तिची आई निर्विवाद अँग्लो-इंडियन ठरते, आणि आजी रुक्मिणी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

गौहरने स्वतः या रकान्यांची फिकीर केली असावी असे दिसत नाही. तिच्या तबकड्यांवर नावाआधी 'मिस' असे. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे ती अलाहाबादच्या जानकीबाईंबरोबर गायली. होरी, कजरी, बंगाली कीर्तन, इंग्रजी गाणे, सर्व एकाच आवाजात.

पुढे तिच्या वाट्याला आणखी खटले आले. आपलाच कारभारी अब्बास याच्याशी तिने लग्न केले, तेही मालमत्तेच्या वादात संपले. चितपूरचे वैभव गेले. १९२८ च्या ऑगस्टमध्ये म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी तिला दरबारी गायिका म्हणून नेमले, वेतन दरमहा पाचशे रुपये. १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूरच्या कृष्णराजेंद्र इस्पितळात तिचा अंत झाला. म्हैसूर राजघराण्याच्या इतिहासाचे काम करीत असताना तिथल्या राजवाड्याच्या दप्तरखान्यात विक्रम संपत यांच्या हाती तिच्याविषयीच्या कागदांचे एक बाड लागले, आणि त्या बाडापासून सुरू झालेला शोध कोलकात्याच्या न्यायालयातून मागे मागे जात अलाहाबादच्या चर्चच्या वहीपर्यंत पोहोचला.